आधी चावी, मग वायर

ट्रकांच्या आवारात त्या दुपारी शंभर-सव्वाशे माणसं होती आणि कोणी चकार शब्द काढत नव्हतं. ड्रायव्हर, हमाल, गोदामात खोकी भरणाऱ्या बायका, समोरच्या टायरवाल्याची गिऱ्हाइकं, सगळी भिंतीला पाठ लावून उभी. मधोमध माझा धाकटा भाऊ चालवायचा तो ट्रक आणि त्याच्या मागे जोडलेला लांबलचक बंद ट्रेलर. इंजिन धडधडत होतं, केबिनमध्ये कोणी नव्हतं, आणि ट्रकची चावी माझ्या मुठीत होती.

ती चावी महाराजांनी स्वतः, सगळ्यांच्या देखत काढून माझ्या हातावर ठेवली होती. "या बाई शिकलेल्या. यांचा कशावर विश्वास नाही. म्हणून पुरावा यांच्याच हातात," असं म्हणून ते गोड हसले. चावी काढली की इंजिन बंद पडतं हे शेंबड्या पोरालाही कळतं. इथे पाच मिनिटं झाली, सात झाली, इंजिन आपलं चालूच. सांगायला लाज कशाची, मूठ उघडून चावी आहे ना ते मी दोनदा पाहिलं.

मी तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. परीक्षानळ्या धुतल्या, मुलांना सेल आणि बल्ब जोडून दिले, त्यांनी जाळलेल्या तारा बदलल्या. अंगारे-धुपारे, भुतंखेतं यांच्याबद्दल माझी जीभ किती तिखट आहे ते आवारात सगळ्यांना ठाऊक. तोंडावर मला ताई म्हणतात, पाठीमागे काय म्हणतात तेही मला माहीत आहे. पण जीभ तिखट असली म्हणून काळीज दगडाचं नसतं.

भाऊ महिन्यापूर्वी गेला. याच ट्रकच्या सीटवर, सकाळी निघायच्या तयारीत असताना छातीत कळ आली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. इंजिन तेव्हाही चालू होतं. कोणीतरी खिडकीतून हात घालून चावी फिरवली आणि ते बंद केलं. पुढच्या आठवड्यात ट्रकच्या आणि आवाराच्या मालकांनी ट्रेलरला नवी बॅटरी बसवून घेतली, नवा ड्रायव्हर दिला, आणि पहिल्याच फेरीनंतर तो चावी काढून खाली उतरतो तो काय, इंजिन बंद होईना. शेवटी गिअर टाकून, आचके देऊन ते कसंबसं बंद पाडलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर आलाच नाही. त्याच्यानंतरच्या दोघांनीही काढता पाय घेतला. गेलेल्याला गाडी सोडवत नाही, असं लोक कुजबुजायला लागले. मग ज्याने नवी बॅटरी बसवली होती तो बॅटरीवालाच मालकांना म्हणाला, माझे एक महाराज आहेत.

तर हे ते महाराज. पांढरे शुभ्र कपडे, मऊ आवाज, आणि वाक्यागणिक एक शास्त्र. "आत्मा म्हणजे ऊर्जा. ऊर्जा म्हणजे कंपन. आणि हे इंजिन बघा, कंपनच करतंय की नाही?" लोकांनी माना डोलावल्या. या हिशेबाने माझ्या मिक्सरमध्येही कोणीतरी वारलेलं असणार. एरवी मी हे मोठ्याने बोलले असते. पण मुठीत चावी आणि समोर चालू इंजिन असलं की विनोद घशाखाली उतरतो आणि तिथेच बसतो.

ट्रकची केबिन आणि ट्रेलर यांच्या मधल्या फटीत स्प्रिंगसारखी गुंडाळलेली एक जाड वायर लोंबते. ट्रेलरचे दिवे आणि त्याची बॅटरी यांना करंट जातो तो तिच्यातून. माल उतरवायला ट्रेलरच्या मागे जी लोखंडी लिफ्ट असते, ती त्या बॅटरीवर चालते. महाराज त्या फटीत शिरले. बॅटरीवाल्याने धुराचं भांडं पुढे केलं आणि काळं कापड आडवं धरलं. "डोळे मिटा," महाराज म्हणाले. "जो बघेल त्याच्या मानगुटीवर तो बसेल." सगळ्यांनी डोळे मिटले. मीही मिटले. आज हे लिहितानाही माझी मलाच चीड येते.

"शांत हो, ड्रायव्हर. शांत हो."

इंजिन थांबलं. कोणीतरी हुंदका दिला. डोळे उघडले तेव्हा कापडाची घडी झाली होती, वायर जागच्या जागी होती आणि महाराज हात जोडून उभे होते. त्यांच्या उजव्या अंगठ्याला काळं ग्रीस लागलेलं मी पाहिलं. राखेने हात पांढरा होतो, काळा होत नाही. पण भ्यायलेल्या माणसाला दिसतं सगळं आणि उमगत काही नाही.

मग त्यांनी ट्रेलरचं दार उघडायला लावलं. आत, पुढच्या कोपऱ्यात, लाकडी झाकणाच्या पेटीत ती बॅटरी असते. महाराजांच्या हुकमावरून सकाळपासून चावी लावून इंजिन चालू ठेवलं होतं. चारपाच जणांना आत नेऊन ते म्हणाले, "कान द्या." मी कान दिला. पेटीतून आवाज येत होता. बुडबुड, सुस्कारा, पुन्हा बुडबुड. छातीत पाणी झालेला माणूस श्वास घेतो ना, तसा. आणि सडक्या अंड्यांचा वास.  माझी भावजय तिथेच गुडघ्यावर बसली.

महाराजांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि निकाल दिला. उद्या सकाळी इंजिन चालू ठेवायचं, तिने या पेटीपाशी दिवा लावून, दार बंद करून, सव्वा तास एकटीने बसायचं. तिच्याशी बोलला की तो जाईल. नाही बसली तर महिना उलटायच्या आत त्याच घरातलं आणखी एक माणूस तो घेऊन जाईल. आणि हो, नंतर या गाडीला हात लावायची दुसऱ्या कोणाची छाती होणार नाही, तेव्हा ट्रक आणि ट्रेलर महाराजांच्या मठाच्या आवारात उभा राहील. मालकांनी मान हलवली. बिचारे इतके घाबरले होते की अख्खं आवारच मागितलं असतं तरी त्यांनी मान हलवली असती.

घरी आल्यावर मी भावजयीला सांगितलं, जायचं नाही. तिने ऐकल्यासारखं केलं आणि चहा टाकला. मी पुन्हा सांगितलं. दार बंद, बाहेर इंजिनाचा धूर, आत दिवा, काही बरंवाईट झालं म्हणजे? तिने दोन कप भरले आणि माझ्यासमोर बसली.

"वन्सं, त्या दिवशी ते चहा न घेताच गेले."

मला माहीत नव्हतं. ती कपाकडे बघत बोलत राहिली. तीन रविवार भाऊ ट्रकखाली आडवा. कधी वायरी, कधी पक्कड, जेवणाचं ताट तसंच. त्या सकाळी तिचा तोल गेला. 'तुम्ही त्या गाडीशीच लग्न करायला हवं होतं,' असं ती म्हणाली. तो कप बाजूला सारून निघून गेला. नऊ वाजता निरोप आला.

"मी बोलले ते खरं झालं. ते त्या गाडीतच राहिले. मला फक्त एकदा त्यांना सांगायचंय की मी तसं म्हटलं नव्हतं. म्हणजे म्हटलं, पण तसं नव्हतं."

"अगं, भूतबीत काही नसतं."

"मग इंजिन कसं चालू होतं? चावी तुमच्याच हातात होती ना?"

 तीस वर्षं मी मुलांना सांगत आले की कारणाशिवाय काही घडत नाही, आणि माझ्याच स्वयंपाकघरात माझ्या भावजयीने कारण विचारलं तेव्हा मी गप्प बसले. भीती वाटत होती ती भुताची की तिच्या डोळ्यांची, मला सांगता येत नाही. ती आत निजायला गेली आणि मी कप विसळायला उठले.

आमच्या भागात पाणी पाचला जातं. तेव्हा सात वाजले होते. मी नळ सोडला, पाणी आलं, कप विसळला. आणि कप हातात तसाच राहिला. पाणी तर गेलंय. मग हे कुठून येतंय? येडे, गच्चीवर टाकी नाही का!

मी पाटावर बसले. चावी म्हणजे रस्त्यावरचा मोठा कॉक. कॉक बंद केला तरी नळाला पाणी येतं, कारण घरात दुसरीकडे साठा आहे. ट्रकमध्ये दुसरा साठा कुठे आहे? ट्रेलरमध्ये, लाकडी पेटीत. आणि तो ट्रकला जोडलेला आहे कशाने? फटीतल्या त्या वायरीने. महाराजांच्या अंगठ्याला ग्रीस होतं. त्या वायरीच्या टोकाच्या प्लगच्या दांड्यांना गंज चढू नये म्हणून आमचा भाऊच तिथे ग्रीस लावायचा. म्हणजे कापडाआड महाराजांनी प्लग उपसला आणि परत बसवला.

मग एकेक आठवायला लागलं. दीड महिन्यापूर्वी भाऊ माझं मीटर मागायला आला होता, शाळेने निरोपाला दिलेलं, करंट मोजायचं. तक्रार अशी की लिफ्टची बॅटरी चार्जच होत नाही. ट्रकपाशी मोजलं तर चौदा व्होल्ट, मागे ट्रेलरपर्यंत जेमतेम साडेबारा. "ताई, वायर बारीक आहे, करंट वाटेतच दमतो," तो म्हणाला होता. म्हणून तो जाड वायर टाकणार होता. तीन रविवार तो तेच करत होता.

पण मग इतक्या ड्रायव्हरांपैकी एकानेही ती वायर उपटून का पाहिली नाही? याचं उत्तर आवाराच्या भिंतीवर लाल रंगात लिहिलेलं आहे: आधी चावी, मग वायर. इंजिन चालू असताना प्लग ओढला तर ठिणगी उडते आणि आतल्या दांड्या जळतात. एकदा असंच होऊन ट्रेलर भर रस्त्यात बिनदिव्यांचा अडकला, तेव्हा भावाने स्वतः ब्रश घेऊन ते लिहिलं. आवारात तो नियम म्हणजे वेदवाक्य. इंजिन बंद होत नाही तोवर वायरीला हात लावायचा नाही. आणि वायरीला हात लावत नाही तोवर इंजिन बंद होत नाही. चांगल्या माणसाचा चांगला नियम, आणि त्याच्याच आड हे सगळं लपून बसलं होतं.

मला तेव्हाच भावजयीला उठवायला हवं होतं. पण प्रयोगशाळेची सवय वाईट. आधी करून बघू, खात्री पटली की सांगू, उगाच तोंडघशी नको. सकाळी लवकर आवारात जायचं ठरवून मी आडवी झाले. सकाळी सातला उठून पाहते तर तिचं अंथरूण घडी घातलेलं, ओट्यावर माझा चहा झाकून ठेवलेला आणि दाराला बाहेरून नुसती कडी. चहा निवून गेला होता.

मी कशी गेले, रिक्षा मिळाली की चालत गेले, मला आठवत नाही. आवाराच्या फाटकापाशीच इंजिनाचा आवाज कानावर आला. गर्दी कालच्यापेक्षा मोठी. ट्रेलरचं दार बंद, त्याला बाहेरून अडसर, अडसरापाशी दोन हमाल. महाराज खुर्चीवर. मालक हात जोडून बाजूला. मी हमालांना म्हटलं, दार उघडा. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, ताई, आम्हाला पोरंबाळं आहेत.

"किती वेळ झाला तिला आत जाऊन?"

"पाऊण तास," मालक म्हणाले. "आता मध्ये दार उघडलं तर तिचं काही खरं नाही म्हणतात."

ट्रेलरला पुढच्या बाजूला हवेसाठी जाळीची झडप आहे. मी तिथे धावले आणि तोंड लावलं. सडक्या अंड्यांचा वास एकदम नाकात गेला आणि या खेपेला मात्र मी भुताला भ्याले नाही. या खेपेला मला माहीत होतं मी कशाला भ्यायचं ते. बॅटरी जास्त चार्ज होत राहिली की आतलं पाणी उकळल्यासारखं बुडबुडतं आणि त्यातून हायड्रोजन निघतो. वास दुसऱ्या गॅसचा, हायड्रोजनला वास नसतो, पण दोघं एकाच पेटीतून बाहेर पडतात. शाळेत आम्ही परीक्षानळीभर हायड्रोजनला पेटती काडी दाखवायचो. बोटभर नळीचा फट्‌दिशी आवाज व्हायचा आणि मुलं टाळ्या वाजवायची. इथे बंद खोलीएवढा ट्रेलर होता आणि आत दिवा.

"ऐकतेस का? मी आहे."

आतून आवाज आला, अगदी शांत. "वन्सं, ते श्वास घेतायत. मी झाकण उघडलंय. त्यांना आता जास्त धाप लागलीये."

"दिवा कुठे आहे?"

"आत्ताच संपला होता. दुसरा लावतेय."

 तो गॅस आहे, स्फोट होईल, हे सगळं मी ओरडले असते तर ती दचकली असती, काडी पडली असती, किंवा तिने ऐकलंच नसतं. आयुष्यात पहिल्यांदा मी मऊ आवाजात बोलले.

"काडी ओढू नकोस. त्याला तुझं बोलणं ऐकायचंय ना, मग दिव्याचं काय काम? ती पेटी झाक आणि दाराकडे ये. अंधारातच बोल. मी इथेच आहे."

 मग काड्यापेटी खाली ठेवल्याचा आवाज, मग लाकडी झाकणाचा. मी जाळीला कपाळ टेकलं. 

आता दार. हमालांच्या मनातली भीती काढल्याशिवाय ते उघडणार नव्हते, आणि बोलून भीती जात नाही हे मी आदल्या संध्याकाळी शिकले होते. मी केबिनमध्ये चढले. महाराज खुर्चीवरून अर्धवट उठले. मी चावी काढली. इंजिन चालूच राहिलं, गर्दी मागे सरली, आणि खरं सांगते, माहीत असूनही मी मूठ उघडून चावी पुन्हा पाहिली. मी खाली उतरले आणि मधल्या फटीत शिरले. महाराज म्हणाले, बाईसाहेब, तिथे हात लावाल तर जळून जाल. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, ताई, आधी इंजिन बंद करा, नियम आहे. माझ्या भावाचा नियम. मी मनात त्याची माफी मागितली, दोन्ही हातांनी प्लग धरला आणि ओढला.

जराशी ठिणगी उडाली. इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं.

धूर नाही, कापड नाही, मंत्र नाही. आवारात इतकी शांतता झाली की गोदामाच्या पत्र्यावरचे कावळे ऐकू आले. "आता दार उघडा," मी म्हटलं. हमालांनी एकमेकांकडे पाहिलं आणि अडसर काढला. भावजय बाहेर आली ती खोकत, डोळे लाल, आणि उजेडात तिला माझ्याशिवाय कोणी दिसत नव्हतं. मी तिला धरलं. जोरात धरलं असावं, कारण तिच्या दंडावर दोन दिवस माझ्या बोटांचे वळ होते.

महाराज तोवर सावरले. आत्म्याने बहिणीचं ऐकलं, बहिणीची माया मोठी, असं काहीतरी त्यांनी सुरू केलं. मी टेस्टरला हाक मारली. टेस्टर म्हणजे आवाराचा वायरमन, कानावर कायम टेस्टर खोचलेला असतो म्हणून तसं नाव. हुशार माणूस, पण तीन आठवडे या ट्रकला वळसा घालून चालत होता. तो मागच्या रांगेतून म्हणाला, ताई, मला नका बोलावू. मी म्हटलं, मी साठी उलटलेली बाई फटीत शिरले आणि तू कानावर काय गजरा माळलायस? लोक हसले. महिन्याभरात आवारात कोणी हसलं नव्हतं.

केबिनच्या डब्यात माझं मीटर सापडलं. टेस्टरने डॅशबोर्डखाली चावीची वायर शोधून तिथे मीटर लावलं. चावी मी उंच धरली. प्लग निघालेला, मीटरवर शून्य. मी प्लग परत लावला, तशी डॅशबोर्डवरची लाल बत्ती चावीशिवाय पेटली आणि मीटरवर साडेदहा व्होल्ट आले. काढला, शून्य. लावला, साडेदहा. तिसऱ्यांदा मी मालकांना करायला लावलं. बत्ती त्यांच्याही हाताने लागली आणि त्यांच्याही हाताने विझली. मग काय, रांगच लागली. ज्या हमालाला पोरंबाळं होती त्याने पाच वेळा केलं.

टेस्टरने जाड लाल वायर हाताने माग काढत ट्रेलरपर्यंत नेली आणि त्याच्या चेहऱ्यावरची भीती जाऊन तिथे कामाचा माणूस आला. तो सगळ्यांना समजावायला लागला. भाऊंनी बारीक वायर काढून जाड टाकली, काम एक नंबर. पण तिचं टोक चावीच्या लायनीवर जोडलं. कल्पना अशी की चावी लावली की बॅटरी चार्ज होईल, काढली की थांबेल. फक्त करंट एकाच बाजूने जातो असं नाही. चावी काढली की ट्रेलरची बॅटरी उलटी ट्रकला करंट देते, डिझेलचा वॉल्व्ह उघडाच राहतो, इंजिन चालूच राहतं. भाऊ होते तेव्हा मागची जुनी बॅटरी ठार मेलेली होती, म्हणून हे कधी दिसलंच नाही. ते गेले, बॅटरी बदलली, आणि भूत आलं.

"बॅटरी नवी कशी?" मी विचारलं. नव्या बॅटरीत साडेबारा व्होल्ट हवेत. तिच्यात दोन-दोन व्होल्टचे सहा कप्पे असतात. साडेदहा म्हणजे एक कप्पा मेलेला, आणि त्याच्या वाटचं उरलेल्या पाचांवर येतं, म्हणून ते बुडबुडतात आणि वास मारतात. टेस्टरने ट्रेलर उघडा ठेवून हवा जाऊ दिली, मग पेटीतली बॅटरी बाहेर काढून नखाने खरवडली. वरच्या काळ्या रंगाखाली जुना, विटका रंग निघाला. सगळ्यांनी बॅटरीवाल्याला शोधलं. त्याची धुराची भांडी जागेवर होती, तो नव्हता. बॅटरी बसवताना इंजिन बंद न होण्याची गंमत त्याच्या लक्षात आली आणि तो दुरुस्तीऐवजी गुरूकडे गेला, हे आता वेगळं सांगायची गरज नव्हती.

मी महाराजांना म्हटलं, अंगठा दाखवा. त्यांनी हात मागे घेतला. मालकांनी पहिल्यांदाच मान हलवली नाही. त्यांनी फाटकाकडे बोट दाखवलं, पण टेस्टर म्हणाला, असं नको, आत बाईमाणूस होतं, आधी पोलिसांना येऊ द्या. महाराज खुर्चीवर बसून राहिले. शास्त्रं संपली होती.

भावजय या सगळ्यात ट्रकच्या पायरीवर बसून होती. तिने मला विचारलं, "म्हणजे ते नव्हतेच?"

खोटं बोलणं सोपं होतं. महाराजांनी तिला खोटं दिलं होतं आणि त्यात ती मरणार होती. "नाही," मी म्हटलं. "तो महिन्यापूर्वीच गेला. तो रागावून गाडीत अडकला नव्हता. छातीत कळ आली आणि गेला."

ती रडली. मीही रडले, लोकांसमोर, माझी सगळी अब्रू गेली.

तेवढ्यात डॅशबोर्डखालून टेस्टरची हाक आली. जाड लाल वायरीच्या टोकाला भावाने पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा गुंडाळला होता. त्यावर त्याच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: रिले बाकी. रिले म्हणजे मधलं दार. चावी फक्त त्या दाराला हुकूम देते, करंट थेट बॅटरीतून जातो, आणि चावी काढली की दार बंद, उलटा रस्ता बंद. त्याला हे ठाऊक होतं. तात्पुरतं जोडलं होतं, पुढच्या रविवारी पुरं करणार होता. तो रविवार त्याला मिळाला नाही, एवढंच. महिनाभर आम्ही सगळे तो काय सांगू पाहतोय ते मंत्रांत आणि धुरात शोधत होतो, आणि त्याने ते दोन शब्दांत लिहून ठेवलं होतं. डॅशबोर्डखाली वाकून बघायला कोणी तयार नव्हतं.

टेस्टरने दुपारपर्यंत रिले बसवला आणि मालकांनी दुसऱ्या दुकानातून खरोखरची नवी बॅटरी आणवली. आवारातले लोक आता मला विचारतात, ताई, तुम्ही भ्यायला नाहीत? अहो, मी तुमच्याइतकीच भ्याले. भ्यायला हरकत नाही. भीती वाटली की डोळे मिटा असं जो सांगतो, त्याच्यापासून तेवढं लांब राहा. डोळे उघडे ठेवा, हात लावून बघा, कळत नसेल तर ज्याला त्यातलं कळतं त्याला विचारा. आणि घरात कोणी कारण विचारलं तर सकाळची वाट बघू नका. मला अर्धवट कळलं होतं, ते तिला अर्धवटच सांगितलं असतं तरी ती त्या ट्रेलरमध्ये बसली नसती. ही चूक माझी, महाराजांची नाही.

त्या दुपारी शेवटची तपासणी भावजयीने केली. ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली, आयुष्यात पहिल्यांदा. इंजिन सुरू केलं, थोडा वेळ चालू दिलं. मग तिने ओठ हलवले, काय बोलली ते इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही आणि मी विचारलंही नाही. तिने चावी फिरवली आणि इंजिन बंद झालं. आधी चावी झाली होती. आता ती खाली उतरून मधल्या फटीत गेली, प्लग काढला आणि वायर नीट गुंडाळून खुंटीला अडकवली. मग टेस्टरकडून पेन घेऊन तिने त्या चिकटपट्टीवरचा 'बाकी' खोडला आणि खाली लिहिलं, 'बसवला'. आम्ही दोघी घरी गेलो आणि चहा केला.